वाकेशोने विमान विकलं त्याची गोष्ट

आमच्या म्वारुंगात माणूस कुठला हे त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही, त्याची नाळ कुठे पुरली आहे त्यावरून ठरतं. कुणाची केळीच्या बेटात असते, कुणाची गोठ्यामागे, कुणाची आंब्याखाली. मेल्यावर माणसाला शेवटी तिथेच आणायचं असतं, म्हणून जिवंतपणी जागा माहीत असलेली बरी. वाकेशोला विचारलं, की ती जुन्या धावपट्टीच्या टोकाकडे हनुवटी उडवायची आणि म्हणायची, "त्या तिथे. मागच्या सीटखाली."

तिथे विमान उभं होतं. मिशनच्या डॉक्टरचं, एका पंख्याचं, छोटंसं. उजव्या चाकातली हवा जाऊन ते एका अंगावर कललं होतं. हत्तीने पाठ घासून घासून शेपटीला बाक आणला होता, डाव्या पंखात मधमाश्यांनी संसार थाटला होता आणि पोटावरची लाल फुली उन्हाने गुलाबी पडली होती. आमच्याकडची पोरं आकाशातल्या विमानाला खोटं विमान म्हणायची, कारण खरं विमान कललेलं असतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक.

वाकेशोची आई अडली तेव्हा हेच विमान तिला न्यायला आलं होतं. डॉक्टर स्वतःच विमान चालवायचा आणि स्वतःच बाळंतपणं करायचा, आणि त्या दिवशी त्याला दोन्ही कामं एकदमच करावी लागली. एक हात दांड्यावर, एक हात वाकेशोच्या डोक्यावर. पोरगी ढगात जन्मली. डॉक्टरने नाळ कापली, कागदात गुंडाळली, मागच्या सीटखाली सरकवली आणि म्हणाला, "उतरल्यावर आठवण करा, देतो." उतरताना धावपट्टीवर रानम्हशी निघाल्या. त्या गोंधळात आईही विसरली आणि डॉक्टरही. दुसऱ्या दिवशी आईला आठवलं तोवर विमान तिसऱ्याच गावी गेलं होतं. वाकेशो रांगायला लागायच्या आधीच तिच्या नाळेने अर्धा देश पाहिला.

गावचे म्हातारे बसले. नाळ जमिनीत नाही, हवेत हिंडते आहे. मग पोरगी कुठली म्हणायची? बराच काथ्याकूट करून त्यांनी ठरवलं, की विमान परत येईपर्यंत वाट बघायची. तोवर पोरीचं नाव पडलं 'वरची'. पाणवठ्यावर भांडण झालं की बाया हटकून म्हणायच्या, "तू बोलू नकोस गं, तू वरची, तुला इथलं काय कळतंय!" वाकेशो वरवर हसायची. पण पोरवयात ती विमानाचा आवाज आला की घराबाहेर धावत सुटायची आणि आवाज विरला की मुकाट्याने परत येऊन चुलीपाशी बसायची, हे तिच्या आईने पाहिलं होतं.

विमान आलं, पण ते वाकेशो चांगली वाढीला लागल्यावर. खोकत खोकत उतरलं आणि पुन्हा उठलं नाही. म्हातारा झालेला डॉक्टर बसने निघून गेला. आई कुदळ घेऊन पुडकं काढायला गेली, तर सीट गंजून अशी घट्ट बसलेली की जागची हलेना. "राहू दे," आई म्हणाली. "गावात तरी आली." मग पावसात एक चाक चिखलात रुतलं, आणि म्हाताऱ्यांनी निकाल दिला, की आता पुरली म्हणायला हरकत नाही.

त्या दिवसापासून वाकेशो आमची झाली. लग्न होऊन मोंबासाला गेली, तिथे तिचा जीव रमेना, नवऱ्याला घेऊनच परत आली. नवरा म्वाकिओ गरीब गाय. म्हणायचा, "हिची नाळ लांब आहे, पण मोंबासापर्यंत पुरत नाही." तो गेला तेव्हा रडायला ती घरात बसली नाही, विमानात जाऊन बसली. गावानेही मग सांत्वनाचा चहा तिकडेच नेला.

आता वाकेशोच्या दुसऱ्या गुणाकडे वळलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्या गुणाने केला. ती लिलाव करायची. चर्चला पत्रे घालायचे असोत, शाळेला बाक आणायचे असोत, कुणाला इस्पितळात न्यायचं असो, हरांबे, म्हणजे वर्गणीचा मेळा, भरवायचा, सगळ्या गावाने यायचं, आणि वाकेशोने मक्याच्या पिठाची उगाली घोटायचा लाकडी उलथना टेबलावर आपटून वस्तू विकायच्या. वस्तू बहुतेक एकच असायची: कोंबडी. एकाने ती घ्यायची, पैसे द्यायचे, कोंबडी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवायची आणि ओरडायचं, "मागे ठेवा!" की कोंबडी पुन्हा टेबलावर. मग दुसऱ्याने घ्यायची, त्यानेही ओरडायचं, "मागे ठेवा!" वाकेशोच्या हातात एकच कोंबडी सकाळपासून जेवणापर्यंत विकली जायची. कोंबडी टेबलावरच डुलकी काढायची. त्या कोंबडीला सगळे पाद्रीणबाई म्हणत. दोन पाद्री बदलून गेले, ही तीच होती.

आणि कोंबडी घरी कुणी नेल्याचं म्वारुंगात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. न्यायची नाही असा नियमही कुणी केला नव्हता. लग्नाला जेवायला गेलेला माणूस पातेलं उचलून घरी नेत नाही, त्याला नियम कशाला लागतो?

तर असं सगळं सुखात चाललं असताना वरच्या कचेरीतून निरोप आला, की धावपट्टी मोकळी करायची आहे, त्यावरचं भंगार उचला. भंगार म्हणजे विमान. वाकेशोने त्या दिवशी उगाली करपवली. आमचे निवृत्त मास्तर म्वाशुम्बे मात्र शांत होते. ते म्हणाले, "भंगार उचलता येतं, संग्रहालय उचलता येत नाही." आणि त्यांनी रातोरात संग्रहालय काढलं. म्हणजे विमानापुढे पाटी रोवली: म्वारुंगा विमान संग्रहालय. आत वस्तू होत्या विमान, डॉक्टरची टोपी आणि वारा दाखवायची फाटकी पिशवी. कचेरीने कळवलं, ठीक आहे, पण विमानावर छप्पर हवं आणि संग्रहालयाला देणगीदार हवेत. पुढच्या पावसाआधी दोन्ही दाखवा.

मास्तरांनी नैरोबीहून जेरोप नावाची बाई बोलावली. संग्रहालयांना देणग्या कशा मिळवायच्या याचंच तिचं शिक्षण झालेलं. पोर हुशार, मनाने चांगली, आणि आमच्या गावाबद्दल तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. विमानाच्या सावलीत गाव जमवून ती म्हणाली, "मदत फक्त पैशानेच करता येते असं नाही. खूप मार्ग आहेत."

इथेच तिने थांबायला हवं होतं.

"दर महिन्याला थोडं थोडं देता येईल," ती म्हणाली. लोकांना पटलं. पहिल्याच महिन्यात विमानात इतके केळ्यांचे घड आले की पायलटच्या जागेवर बसायला जागा उरली नाही, आणि वासाने हत्ती आला तो वेगळाच.

"घरातल्या जुन्या वस्तू देता येतील. मात्र उडण्याशी संबंधित हव्यात." लोकांनी पतंग आणला, उडणाऱ्या वाळवीची बाटली आणली, फुटबॉल आणला. एका बाईने नवऱ्याला आणून उभा केला. "हा आंब्यावरून पडला होता," ती म्हणाली. "बराच वेळ हवेत होता. ठेवून घ्या."

"वेळ आणि श्रम देता येतील." सगळा गाव पुढे झाला. सगळ्यांनाच पायलट व्हायचं होतं. गवत कापायला कुणी नव्हतं.

"गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ देता येईल." त्याच बाईने त्याच नवऱ्याच्या स्मरणार्थ देणगी दिली. जेरोप म्हणाली, "अहो, पण ते तर इथे बसलेत." बाई म्हणाली, "बसू दे. मी त्याला कसा लक्षात ठेवणार आहे ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यालाही ऐकायला मिळेल." नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि मृत्युपत्रातून," जेरोप म्हणाली. तिचा आवाज आता जरा खाली आला होता. म्हातारबुवा रिघा काठी टेकत उठले. गावातले सगळ्यात वडीलधारे तेच. "माझी जमीन मुलांना दिली," ते म्हणाले, "गाई सुनांना दिल्या. एकच मौल्यवान गोष्ट राहिली आहे. शेजारच्या न्याम्बूबरोबरचं बांधावरच्या आंब्याचं भांडण. आजोबांपासून चालत आलंय, एकदाही खंड नाही. ते मी संग्रहालयाला देतो. आणि मरायची वाट कशाला बघू, आजच घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला न्याम्बूही उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी काही हरकत नाही. समोर कोणीतरी असलं म्हणजे झालं."

जेरोपने डोक्याला हात लावला आणि शेवटचा मार्ग सांगितला. "विमानाचा एकेक भाग एकेका देणगीदाराच्या नावाने. पंख, चाक, दार, काहीही. त्या भागावर तुमच्या नावाची पट्टी लागेल. तुम्हाला जन्मभर फुकट प्रवेश. वाटेल तेव्हा येऊन आपला भाग बघायचा. आणि वर्षातून एकदा सगळ्या देणगीदारांना संग्रहालयातर्फे जेवण."

जेवण म्हटल्यावर बैठकीचा रंगच पालटला. संग्रहालयाला ना भिंत ना कुंपण, प्रवेश फुकटच होता. पण 'जन्मभर फुकट' हे शब्द ऐकून लोक हरखले. वाकेशोने उलथना हातात घेतला.

हरांबेचा दिवस ठरला. मांडव घातला, बकरं कापलं, कंद आणि घेवडा घोटून केलेल्या किमांगाची मोठी पातेली शिजली, चर्चच्या गाणाऱ्या बाया पिवळ्या झग्यांत आल्या. जेरोपच्या ओळखीने एक मोठा पाहुणाही आला: लोथार, ऑस्ट्रियाचा, किनाऱ्यावर त्याचं हॉटेल होतं आणि जुन्या विमानांचं त्याला वेड होतं. उंच, लाजरा, स्वाहिली नीटनेटकी बोलणारा. पहिल्या रांगेत बसून त्याने किमांगा दोनदा मागून घेतला, त्यामुळे बायांचं त्याच्याबद्दल मत चांगलं झालं.

वाकेशो त्या दिवशी अंगात आल्यासारखी बोलत होती. "अहो, नुसते बघताय काय! बघून पंख मिळत नाही, हात वर करा! डावा पंख आहे, आत मधमाश्या आहेत, पंखाबरोबर मध फुकट! काय हो, बस घ्यायला पैसे होते, पंख घ्यायला नाहीत? बायकोला सांगू का बस कुणाच्या पैशाने घेतली?" पंख गाणाऱ्या बायांनी घेतला. "मागे ठेवा!" बसवाल्याने घेतला. "मागे ठेवा!" चाक खाटकाने घेतलं, दार त्या नवरेवाल्या बाईने घेतलं, एकेक भाग विकला गेला, मागे ठेवला गेला, पुन्हा विकला गेला. मास्तर तेलाच्या डब्याचे पत्रे कापून पट्ट्या करत होते आणि नावं कोरून कोरून त्यांचा हात भरून आला होता. छपराचं काम झाल्यात जमा होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सुटं सुटं काय विकतेस, मशाईच्या आई! अख्खं विक की!"

मशाई म्हणजे वाकेशोची लेक. तिच्या नावाने हाक मारली की वाकेशोला दहा माणसांचं बळ यायचं. तिने गर्दीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. उलथना टेबलावर आपटला. "अख्खं! शेपटीपासून नाकापर्यंत! कोण बोलतो?"

तिच्या मनात काय होतं? काही नव्हतं. कोंबडी विकताना कोंबडी जाईल असं कुणाच्या मनात येतं का? बायांनी मिळून अख्खं विमान घेतलं, मागे ठेवलं. खाटकाने घेतलं, मागे ठेवलं. मग लोथारने हळूच हात वर केला आणि असा आकडा बोलला की बकऱ्याची हाडं चोखणारेही थांबले. वाकेशोचा आवाज चिरकला, "एक! दोन! तीन! दिलं साहेबांना!"

गावाने जल्लोष केला. लोथारने उभं राहून चेक लिहिला, मास्तरांच्या हाती दिला, छातीवर हात ठेवून सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मी फार आभारी आहे. गुरुवारी ट्रक पाठवतो."

सगळा मांडव थांबून राहिला. वाकेशोला वाटलं, बिचारा विसरला. ती लाडाने म्हणाली, "साहेब, काही बोलायचं राहिलंय का?"

लोथारने जरा विचार केला. "हो, हो. जेवण फार छान होतं."

आणि तो गाडीत बसून गेला.

वाकेशो टेबलाशी तशीच उभी राहिली. पाद्रीणबाई टेबलाखालून बाहेर आली आणि निवांत दाणे टिपायला लागली. तिला त्या दिवशी पहिल्यांदाच सुट्टी मिळाली होती.

जेरोप म्हणाली, "मी त्यांना फोन करते. समजावून सांगते, घोटाळा झाला म्हणून."

"नाही," वाकेशो म्हणाली.

"अगं पण त्यांना ठाऊकच नव्हतं!"

"तेच तर. 'मागे ठेवा' हे ज्याचं त्याने म्हणायचं असतं. आपण म्हणायला लावलं तर ते देणं नाही, वसुली झाली. आणि उलथना मी आपटला ना? मीच आज शब्द फिरवला तर उद्या कोण माझ्यापुढे हात वर करेल?" एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मग सगळ्यांसमोर रडली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. "नाळ विकली गं मी," ती म्हणत होती. "माझी मीच विकली."

लोथार त्या विमानाचं काय करणार होता तेही जेरोपकडून कळलं. समुद्राकाठी वाळूत उभं करून त्यात बार काढणार होता.

वाकेशो पहार घेऊन विमानात गेली. निदान पुडकं तरी काढून घरामागे पुरावं. तिने सीट ढकलली, ओढली, पहारीने उचकटली. खाटीक आला, बसवाला आला, सगळ्यांनी जोर लावला. विमान हललं, सीट हलली नाही. शेवटी तिने पहार टाकून दिली. "हिला जायचंच नसेल कुठे, तर मी कोण उखडणारी," ती म्हणाली.

गुरुवार उजाडला. ट्रक आला, यारी आली, मागून लोथार स्वतः आला. बघतो तर सगळा गाव धावपट्टीवर. धुतलेले कपडे, डोक्यावर गाठोडी, हातात पातेली, गाणाऱ्या बाया पिवळ्या झग्यांत.

लोथारचं मन भरून आलं. "निरोप द्यायला एवढी माणसं!"

"निरोप कसला?" रिघा म्हणाले. "आम्ही येतोय."

"कुठे?"

"तुमच्याकडे. विमान जिथे, देणगीदार तिथे. पट्ट्या बघा की."

लोथारने पट्ट्या पाहिल्या. विमान नाकापासून शेपटीपर्यंत नावांनी भरलं होतं. उन्हात सगळं अंग चमकत होतं, आणि पट्ट्यांच्या कडांवर अजून तेलाच्या डब्यावरची फुलं दिसत होती. गाणाऱ्या बायांची म्होरकी पुढे आली. "डावा पंख आमचा. वाटेल तेव्हा बघायचा हक्क आहे. आम्ही दर रविवारी येऊ, पंखाखाली गाऊ, संध्याकाळी परत जाऊ. तुमच्याकडे दुपारचं काय असतं?"

"वर्षाचं जेवण मात्र मोठं करा हं," खाटीक म्हणाला. "बकरं मी आणेन, तुम्हाला भाव नीट जमायचा नाही."

नवरेवाली बाई दाराला टेकून उभी होती. "हे दार ह्यांच्या स्मरणार्थ आहे. तेव्हा ह्यांनाही आणलंय." नवऱ्याने टोपी काढून लोथारला नमस्कार केला.

ह्यात थट्टा कुणी करत नव्हतं, हे सांगून ठेवतो. जेरोपने शब्द दिला होता, लोकांनी तो खरा मानला होता, आणि समुद्र बघायला मिळणार म्हणून अर्ध्या गावाला झोप आली नव्हती. जेरोप स्वतः मान खाली घालून चपलेने माती उकरत होती.

एवढ्यात गर्दी सारून न्याम्बू पुढे आला आणि लोथारच्या नाकासमोर बोट नाचवायला लागला. "भेटलात एकदाचे! तुमच्या आजोबांनी माझ्या आजोबांच्या बांधावरचा आंबा तोडला की नाही?"

"माझे आजोबा? ते साल्झबर्गला राहायचे!"

"म्हणजे तोडून पळाले!"

रिघा लोथारच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "हे भांडण मी संग्रहालयाला दिलं होतं, आता ते तुमचं. सांभाळा. न्याम्बू माणूस चांगला आहे, पण दुपारी जास्त चिडतो."

सगळीकडून माणसं, वर न्याम्बूचं बोट. लोथार सरळ विमानात चढला आणि त्याने दार ओढून घेतलं. आत काळोखात त्याला दिसलं, मागच्या सीटवर कुणीतरी बसलं आहे. उलथना मांडीवर ठेवून वाकेशो बसली होती.

"आणि तुमचा भाग कुठला?" त्याने दमून विचारलं.

"माझा भाग नाही, साहेब. मी इथे जन्मले."

"म्वारुंगात?"

"नाही. इथे. विमानात." तिने सीटवर हात फिरवला. "माझी नाळ खाली आहे. काढायला गेले, निघाली नाही. तुम्ही न्या. विकलंय मीच, तुमचा काही दोष नाही. एवढंच करा, ही सीट जिथे ठेवाल तिथे वर काही सांडू देऊ नका. बारमध्ये माणसं सांडतात म्हणे."

लोथार पुढच्या सीटवर बसला. बाहेर न्याम्बू त्याच्या आजोबांचा उद्धार करत होता. पंखात मधमाश्या गुणगुणत होत्या.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "विकत घेतल्यावर सगळे काहीतरी ओरडत होते. मला वाटलं, आनंदाने. काय ओरडत होते?"

वाकेशोच्या घशाशी शब्द आले. तिने ओठ घट्ट मिटले. डोळे वाहायला लागले, पण तोंड उघडलं नाही. "मला सांगता यायचं नाही, साहेब."

लोथारने डोळे मिटून आठवलं. मग तो उठला, दार उघडलं, डोकं बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मागे ठेवा!"

धावपट्टीवर एकच गलका झाला. बायांनी किंकाळ्या फोडल्या, खाटकाने न्याम्बूला मिठी मारली. मास्तरांनी खिशातून चेक काढला. लोथारने तो दोन्ही हातांनी परत ढकलला, छप्पर घाला म्हणाला. मग जरा वेळाने लोकांचं आपल्याच गाठोड्यांकडे लक्ष गेलं. समुद्र हुकला होता. अर्ध्या गावाचे चेहरे पडले.

रिघांनी काठी आपटली. "मशाईच्या आई, बाहेर ये. मागे ठेवलेलं पुन्हा विकायला लागतं."

खरंच होतं. रीत ती रीत. वाकेशो पंखाच्या पायरीवर उभी राहिली. तिने उलथना उचलला. "अख्खं विमान. शेपटीपासून नाकापर्यंत. कोण बोलतो?"

म्वारुंगात लिलावाला अशी शांतता कधी पडली नव्हती. रिघांना कान खाजवायची सवय, ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. बायांनी तोंडाला पदर लावावा तसे झग्यांचे कोपरे दाबून धरले. बसवाल्याला शिंक येत होती, त्याने नाक चिमटीत धरलं. लोथारने हात खिशात घातले आणि आत मुठी वळल्या. तो आता शिकला होता.

"कोण बोलतो?" वाकेशोने पुन्हा विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

कुणी बोललं नाही. मग तिने हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. "मी बोलते," ती म्हणाली. "मोल म्हणून हा उलथना." आणि त्याच उलथन्याने पंखावर ठोकलं. "एक. दोन. तीन. दिलं."

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता ती म्हणणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आज स्वतः म्हणणार. तिने तोंड उघडलं. आणि मिटलं. उलथना मास्तरांच्या हातात दिला, वळली, आत गेली आणि मागच्या सीटवर बसली.

रिघा दारापाशी आले. "अगं, मागे ठेवत नाहीस?"

"नाही."

"मग एवढं धूड घरी कसं नेणार आहेस?"

वाकेशोने पाय लांब केले, पाठ टेकली. "घरीच तर आहे," ती म्हणाली. मग बाहेरच्या गाठोड्यांकडे आणि पातेल्यांकडे बघून तिने खाटकाला हाक मारली, "अरे, बकरं आणलंच आहेस तर चूल पेटवा कुणीतरी. देणगीदारांचं जेवण आजच उरकून टाकू. साहेब, तुम्ही पण बसा. न्याम्बू, त्यांना आधी जेवू दे."